भागीरथीबाईंचं गाऱ्हाणं

"बाळाचं तोंड बघितलं की बाई सगळं विसरते," असं कोणी म्हणालं की भागीरथीबाईंचं डोकं फिरायचं. म्हणणारा बहुतेक पुरुष असायचा आणि बहुतेक प्रसूतिगृहाच्या पडवीत बसून चहा पीत असायचा. बाई हातातलं काम टाकून दारात यायच्या. "इसारता म्हणान तुमका कोणी सांगल्यान? तिका इचारलास?" एवढं बोलून त्या आत निघून जायच्या. उत्तरासाठी थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तो माणूस कपबशी खाली ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलायचा.

हे सगळं पन्नास-साठच्या दशकांतलं, आमचा भाग अजून रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता तेव्हाचं. मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांच्या बागांमधून एक वाट आत वळायची, तिथे मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाने वर्गणी काढून दोन खोल्यांचं प्रसूतिगृह बांधलं होतं. भागीरथीबाई तिथल्या नर्स. मी शेजारच्या शाळेत मास्तरीण. मूळची फोंडाघाटची, तिथल्या बाजारात वडिलांचं दुकान. नवरा मुंबईत कारकून. माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी नेमकी प्रसूतिगृहाच्या अंगणात उघडायची, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. सुरुवातीला मी कानांवर हात ठेवून वह्या तपासायची. मग खिडकी लावून घ्यायला लागले. मग उकाडा सुरू झाला आणि खिडकी उघडीच राहिली.

बाई बसलेल्या मला फारशा आठवतच नाहीत. उंच, हडकुळ्या, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालीच राहील अशी खोचलेली, पायात पुरुषी वहाणा. चहा उभ्याने प्यायच्या, तोही अर्धा. उरलेला अर्धा कुठल्या तरी खिडकीत थंड होत पडायचा आणि राधा आया दिवसभर कप गोळा करत फिरायची. एका खोलीत सुरू केलेलं वाक्य त्या दुसऱ्या खोलीत संपवायच्या. राधेला नेहमी वाक्याचा उत्तरार्धच मिळायचा, त्यावरून पूर्वार्ध ओळखण्यात तिचा हातखंडा होता. माझ्याकडे दिवसातून दोन-तीनदा डोकावायच्या. पाट्यांची चळत सरळ करायच्या, दुधाच्या भांड्याचा वास घ्यायच्या, "ह्या सांजेपर्यंत टिकाचा नाय" म्हणायच्या, आणि मी "बसा तरी" म्हणेपर्यंत त्यांच्या वहाणांचा आवाज अंगणात पोचलेला असायचा. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. आपल्या घरात कोणी वादळासारखं शिरून निघून गेलं की मागे आपलीच खोली आपल्याला परकी वाटते.

कळा सुरू झालेल्या बाईला त्या खाटेवर पडू देत नसत. "चल गो," म्हणून हाताला धरून विहिरीभोवती फिरवायच्या. लखपती व्यापाऱ्याची सून असो की मासे विकणारी, त्या अंगणात आली की ती 'गो' व्हायची. कळ आली की बाई तिला आपल्या खांद्यावर रेलू द्यायच्या आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग तिच्या कमरेत घालून जोराने दाबून धरायच्या. न्हाणीत तांब्याच्या हंड्यात पाणी कढत असायचंच. त्यात फडकं पिळून पाठीवर ठेवायचं, निवलं की दुसरं. वाशाला एक सुंभाचा जाड दोर बांधला होता, त्याला लोंबकळून उकिडवं बसायचं. यातलं निम्मं त्या गावच्या म्हाताऱ्या सुइणीकडून शिकल्या होत्या आणि तसं मोकळेपणाने सांगायच्या. मी एकदा कौतुक केलं तर उसळल्या. "ही माझी हुशारी नाय, मास्तरीणबाय. माझ्याकडे दुसरा काय नाय म्हणान मी ह्या करतंय."

दुसरं काय असतं, ते त्यांनी मुंबईत पाहिलं होतं. नर्सिंग शिकताना एका मोठ्या इस्पितळात वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांच्या खोल्या होत्या. तिथे एक यंत्र असे. त्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर धरायचा मुखवटा. कळ आली की बाईने तो स्वतःच्या हाताने नाकावर धरायचा, दोन-चार श्वास घ्यायचे, गुंगी आली की हात आपोआप खाली पडायचा. भागीरथीबाई मला तो हात करून दाखवायच्या. नाकापर्यंत न्यायच्या आणि सैल सोडून द्यायच्या. "वरती तो हात असो खाली पडा, आणि खालती आमच्या वार्डात बायो खाटेचे गज धरून आरडत. जिना एकच, मास्तरीणबाय. मी दिवसभर तो जिनो चढाय आणि उतराय." मला वाटतं, त्या पुढे आयुष्यभर तो जिना चढत-उतरतच राहिल्या.

गाऱ्हाण्याची गोष्ट मी तिथे गेल्यावर दुसऱ्या वर्षीची. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते पुरुषांनी. एक मानकरी पुढे उभा राहून गावाच्या वतीने देवाला सांगतो, इडापिडा टळू दे, शेत पिकू दे, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून जबाब देतात. आमच्या गावचे मानकरी म्हणजे आबा. त्यांचा आवाज बंदरापर्यंत जायचा. त्यांची धाकटी सून शेवंती पहिलटकरीण म्हणून आली आणि आबा स्वतः पडवीत येऊन बसले. सासरा बाहेर, म्हणून ही पोर आत तोंडातून आवाज काढेना. पदराचा बोळा दातांत धरून श्वास कोंडून धरायची. चेहरा काळानिळा.

"श्वास सोड गो. कोंडलंस तर कळ दुप्पट होता," भागीरथीबाई सांगून थकल्या. "आरड वायच." शेवंती मान हलवायची आणि डोळ्यांनी पडवीकडे दाखवायची. बाई चिडल्या. चिडल्या की त्यांना काय सुचेल याचा नेम नसे. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात जोडले आणि अगदी आबांच्या थाटात सुरू झाल्या.

"बा देवा म्हाराजा..."

राधा आया हंड्याशी होती. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

"ही शेवंती तुझ्या दारात हुबी आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिचो घोव मुंबैक हाटेलात बसान चाय पिता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शेवंतीच्या तोंडातला बोळा पडला. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, "तू जबाब दी गो, मोठ्यान. श्वास सगळो भायर जावक व्हयो." पुढची कळ चढायला लागली होती. "तर तेच्या पोटात अशीच एक कळ घाल म्हाराजा."

या वेळी जबाब तीन आवाजांत आला. राधेचा, शेवंतीचा, आणि पडवीतून एक घनगंभीर, बंदरापर्यंत जाणारा. आबा सुपारी कातरत होते. जन्माची सवय, म्हाराजा ऐकलं आणि तोंड आपसूक उघडलं. आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मी माझ्या खिडकीत तोंडात पदर कोंबून बसले होते. आत शेवंती हसत होती. कळ येत होती तरी हसत होती आणि हसता हसता रडत होती, पण श्वास मोकळा चालला होता. दुपार टळायच्या आत तिला मुलगा झाला. आबा दारात आले ते रागाने लाल होऊन. देवाचं गाऱ्हाणं बाळंतिणीच्या खोलीत, विटाळात, बायकांच्या तोंडी! भागीरथीबाई बाळ पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जबाब तर तुमीच दिलास, आबा." त्यानंतर वर्षभर आबा देवळात उभे राहिले की मागच्या रांगेत कोणाला तरी ठसका लागायचा.

आणि मग ते सुरूच झालं. बायका गाऱ्हाणी ठरवून येऊ लागल्या. सासूचं, जावेचं, मनीऑर्डर न पाठवणाऱ्या नवऱ्याचं, परसातल्या गळक्या पन्हळीचं. एकीची यादी इतकी लांब होती की मूल जन्मून, अंघोळ होऊन, दुपट्यात गुंडाळलं गेलं तरी ती "आणखी एक आसा म्हाराजा" म्हणत होती. डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते मालवणहून दर मंगळवारी यायचे, शांत आणि भला माणूस. त्यांना फार मजा वाटली. मंडळाचे लोक मुंबईहून आले तेव्हा डॉक्टरांनी भागीरथीबाईंना पुढे बोलावलं. "आमच्या नर्सबाईंनी औषधाशिवाय उपाय शोधून काढलाय." एका गृहस्थांनी शाल आणली होती.

डॉक्टरांशी आणि पाहुण्यांशी बाई पुस्तकी मराठी बोलायच्या, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "शाल नको," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन द्या. गाऱ्हाण्याने दुखणं कमी होत नाही. बाई एकटी राहत नाही, एवढंच होतं. आपल्या पोटात दुखलं तर आपण भजन म्हणता की औषध घेता?" गृहस्थ शाल हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी ती राधेला मिळाली.

इंजेक्शन म्हणजे पेथिडीन. मालवणला डॉक्टरांच्या कपाटात कुलपाखाली असायचं, कारण ते अफूच्या जातीचं औषध. दर मंगळवारी बाई ते मागायच्या आणि दर मंगळवारी डॉक्टर नाही म्हणायचे. माझ्या खिडकीतून हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की मला तो पाठ होता.

"डॉक्टरसाहेब, दात काढताना आपण सुई देता. दात एवढासा असतो."

"दाताला श्वास घ्यायचा नसतो, नर्सबाई. हे औषध आईतून बाळात जातं. बाळंत व्हायच्या आधी दोन-तीन तासांत पडलं तर बाळ गुंगीत येतं, श्वास घेत नाही. आता ती किती तासांनी मोकळी होणार, हे ठरवणार कोण?"

"मी."

"आणि चुकलं तर?"

इथे भागीरथीबाई खाटेवरची चादर सरळ करायला लागायच्या. डॉक्टरांचं चुकीचं नव्हतं, आणि हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून जास्त त्रास व्हायचा. डॉक्टर गेले की त्या अंगणात येरझारा घालायच्या. घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायच्या. अशाच एका मंगळवारी डॉक्टर निघताना दारात थांबले, बॅग उघडली आणि काचेच्या दोन बारीक कुप्या बाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरून त्या आत गेल्या.

त्यातली पहिली कुपी माझ्यासाठी फुटली.

माहेरी माझं करणारं कोणी नव्हतं, म्हणून पहिलटकरीण असूनही मी तिथेच राहिले. बाहेरून इतकं ऐकून झालं होतं की मला वाटलं होतं आपली तयारी झालेली आहे. कसली तयारी! विहिरीभोवती फिरले, दोर धरला, कढत फडक्यांनी पाठ लाल झाली. गाऱ्हाणं तर मला घालताच येईना. मास्तरणीच्या तोंडी शुद्ध मराठी, आणि शुद्ध मराठीत देवाशी भांडण होत नाही. दुपार होता होता मी भागीरथीबाईंचा हात धरला आणि म्हटलं, आता नाही होत, मला ते द्या.

त्यांनी तपासलं. "पयलेपण. सांज होतली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुन्हा तपासलं. स्टोवर सिरिंज उकळली. टोचताना माझ्या दंडावरचा त्यांचा हात थंडगार होता.

त्या औषधाबद्दल मला खरं ते सांगायचंय, कारण कोणी सांगत नाही. दुखणं गेलं नाही. ते शेजारच्या खोलीत गेलं आणि तिथून ऐकू येत राहिलं. मधल्या वेळात मी झोपले, अगदी घोरलेसुद्धा, असं राधा सांगते. सकाळपासून पहिल्यांदा मला माझा जबडा सैल झाल्यासारखा वाटला. पण मूल सांजेपर्यंत थांबलं नाही. बाईंचा अंदाज चुकला. तासाभरात मला खालून जोर यायला लागला आणि बघता बघता मुलगी झाली.

ती रडली नाही. मी गुंगीतून डोळे उघडले तेव्हा सगळीकडे शांतता होती आणि भागीरथीबाईंची पाठ माझ्याकडे होती. त्या मुलीचे तळवे टिचकीने मारत होत्या, पाठ चोळत होत्या. रबरी नळीने तिच्या घशातलं तोंडाने ओढून थुंकल्या. मग तिच्या इवल्याशा नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून हळूहळू फुंकर घालायला लागल्या. राधा दाराला टेकून रडत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग मांजरीच्या पिल्लाने काढावा तसा एक आवाज आला, आणि थोड्या वेळाने दुसरा. मुलगी गुलाबी झाली. बाईंनी ती माझ्या कुशीत ठेवली आणि बाहेर गेल्या. खिडकीतून मला त्या विहिरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिलेल्या दिसल्या.

मंगळवारी डॉक्टरांना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "माझाही अंदाज चुकला असता. मूल ठीक आहे. तुम्ही तिला श्वास दिलात." बाईंनी दुसरी कुपी त्यांच्यापुढे ठेवली. "ही घेऊन जा." डॉक्टर समजावत राहिले, पण त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी कुपी नेली.

त्या दिवसापासून त्या माझ्या घरी यायच्या बंद झाल्या. पाट्यांची चळत वाकडीच राहायला लागली. रस्त्यात समोरून आल्या तर माडांच्या आडून निघून जायच्या. राधेकरवी मात्र चौकशी चालायची. मुलगी दूध पिते ना, मान धरते ना, आवाजाकडे बघते ना. एकदा मुलगी पडवीत रांगत होती, तर मला कुंपणापलीकडे त्यांची नऊवारी दिसली. मी हाक मारली, त्या निघून गेल्या. मुलीच्या डोक्यावर काही परिणाम झाला असेल, ही भीती त्यांना खात होती, आणि खोटं कशाला सांगू, मलाही खात होती. मग पोरगी बोलायला लागली, ती थांबेचना. एके दिवशी कुंपणापाशी जाऊन तिने बाईंना पकडलं आणि आमच्या शेळीला काय झालं, ती कुठे गेली, कशी परत आली, सगळं ऐकवलं. भागीरथीबाई चक्क शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मी खिडकीतून त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, आता तरी येतील. आल्या नाहीत.

इकडे खोलीतून गाऱ्हाणी ऐकू यायची, पण पूर्वीची मजा त्यांत नव्हती. बाईंची फेऱ्यांची गती वाढली होती. कुणी फार विव्हळली की त्या बाहेर येऊन अंगण झाडायला घ्यायच्या. मला राग यायला लागला. भीतीचा बोजा त्यांनी घेतला ते मला कळत होतं, पण त्या बोजाखाली बाकीच्या बायका का म्हणून? इतक्या दिवसांत माझी मुलगी कशी आहे हे सगळ्या गावाने विचारलं होतं. त्या दिवशी माझं दुखणं कमी झालं का, हे एकाने विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी सरळ प्रसूतिगृहात गेले. भागीरथीबाई बोळे कापत होत्या.

"मला या वेळीही इंजेक्शन हवंय," मी म्हटलं.

कात्री थांबली. "मागचा इसारलास?"

"नाही विसरले. म्हणून तर मागतेय. माझी कळ त्या दिवशी कमी झाली होती. तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगायला आलेय."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कमी झाली?"

"झाली."

"किती?"

मी विचार केला. एवढं मोजून मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. "मी माणसात आले इतकी," मी म्हटलं.

त्यांनी कात्री पुन्हा उचलली. पण संध्याकाळी वहाणांचा आवाज आला, माझ्या दुधाच्या भांड्याचा वास घेतला गेला आणि मला मोठ्याने रडू आलं.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांशी आत बरंच बोलणं झालं. डॉक्टर म्हणाले, "आता या औषधावर उताराही मिळतो. बाळ गुंगीत आलं तर लगेच टोचायचा. मुंबईहून मागवतो. बाई आली की उतारा जवळ तयार ठेवा." राधेला सवयीप्रमाणे उत्तरार्ध ऐकू आला. आमच्याकडे उतारा म्हणजे काय, तर बाधा झालेल्या माणसावरून नारळ ओवाळून वेशीबाहेर ठेवायचा. माझ्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी मी खोलीत शिरले, तर औषधांच्या ट्रेमध्ये एका बाजूला पेथिडीनची कुपी, शेजारी उताऱ्याची कुपी, आणि मधोमध हळदकुंकू लावलेला नारळ, त्यावर लिंबू. "डाक्टरांनीच सांगल्यानी," राधा ठामपणे म्हणाली. भागीरथीबाई ट्रेकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "एक डाक्टराचो, एक तुझो."

मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात मागे एकमेकांत धरलेले, जणू सुटले तर पळतील. "आयक. दुसरेपणाक बाळ धावत येता. वेळ माका छातीर हात ठेवन सांगूक येवची नाय. आता घेतलंस तर अर्धा देतंय. मगे मागलंस तर देवचंय नाय, कितीय आरडलंस तरी. कळ तुझी आसा. तू ठरव."

मला त्या क्षणभर दुष्ट वाटल्या. मला ठरवून हवं होतं. कोणीतरी जाणत्याने सांगावं, हे कर, आणि चुकलं तर त्याच्या माथी मारता यावं. त्या तशाच उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. मी विचारलं, बाळाला काय होऊ शकतं. त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं. उतारा आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही म्हणाल्या नाहीत. मग मी म्हटलं, आता द्या.

अर्धंच औषध, त्यामुळे दुखणं शेजारच्या खोलीपर्यंत गेलं नाही. उंबऱ्यावर बसून राहिलं. पण मला श्वास घेता आला, आणि दोन कळांच्या मध्ये थोडी झोप लागली. दुपारी मुलगा झाला. पुरता बाहेर यायच्या आतच त्याने असा टाहो फोडला की राधेने घाईघाईने नारळ फोडून टाकला. उताऱ्याची कुपी तशीच राहिली. भागीरथीबाईंनी नाळ कापली, हात धुतले, आणि नेहमीसारख्या निघून गेल्या. डॉक्टर पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी मागितल्यावाचून आणखी कुप्या ठेवल्या.

त्या उन्हाळ्यात माझी बदली आंबोलीकडे झाली आणि पुढे आमची गाठ पडली नाही. बाई गेल्याचं मला कित्येक वर्षांनी राधेच्या मुलाकडून कळलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं म्हणून जे आठवतं ते माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर आठवडाभराने, एका सकाळचं. मी खाटेवर होते, बाळ कुशीत. अंगणात बैलगाडी थांबली. सासू पुढे आणि तिच्या मागे एक पोर, सोळा-सतरा वर्षांची असेल, दोन्ही हातांनी पोट धरलेली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. बाईंनी तिच्या कमरेत हात घातला आणि फेऱ्या सुरू केल्या. सासू मागोमाग चालत होती आणि बोलत होती. आम्हीसुद्धा झालो बाळंत, आम्हाला कोणी काय दिलं, सोसायलाच हवं, पोरीच्या जातीने आवाज करू नये.

भागीरथीबाई थांबल्या. पोरीला समोर उभी केली. "कळ कमी करूचा औषध आसा माझ्याकडे," त्या म्हणाल्या, आणि ते काय करतं, बाळाला काय करू शकतं, केव्हा देता येतं आणि केव्हा नाही, सगळं मला सांगितलं होतं तसंच तिला सांगितलं. मग विचारलं, "तुका काय व्हया?"

पोरीने सासूकडे पाहिलं.

बाई एक पाऊल सरकल्या आणि दोघींच्या मध्ये उभ्या राहिल्या. आता पोरीला समोर फक्त त्याच दिसत होत्या. "मी सासूक इचारूक नाय. तुका इचारतंय."

मग पोरगी काहीतरी म्हणाली, इतक्या हळू की मला खिडकीत ऐकू आलं नाही. भागीरथीबाईंनी मान डोलावली आणि आत वळून हाक मारली, "राधे, सुई उकळूक घाल."